राखीपर्यंतची सात वर्षे

संडे स्कूलमधल्या मुलांना प्रभूची प्रार्थना घडाघडा म्हणता येते. तिच्यात रोजची भाकर मागून झाली की लगेच क्षमेची विनंती येते, आणि आपल्या अपराध्यांना आपणही क्षमा करावी ही अटही. नुसत्या पाठांतराने ही अट अंगी लागत नाही.

पवारांच्या धार आणि देवास संस्थानांमुळे माळव्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तिथल्या आणि आपल्याकडच्याही मुलांना देवास जिल्ह्यातल्या उदयनगरची हकीकत कळायलाच हवी. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया तिथल्या गरीब आदिवासींना सावकारी पाशातून सुटायची वाट दाखवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरच्या बसने जाताना त्यांना भोसकून मारण्यात आले. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले.

अगदी लहानग्यांना हत्येचे तपशील नकोत; राखी मात्र जरूर सांगा. ‘त्या बहिणीला राग आला नसेल?’ असे मुले विचारतील. तेव्हा घाईने गोड उत्तर देऊ नका. राखीपर्यंत सात वर्षे गेली, हेही सांगा. मुलांच्या श्रद्धेला खरे अन्न मिळते ते अशा प्रश्नांतून, असे आमचे ठाम मत आहे.

पालकहो, या रविवारी एकत्र जेवताना ही गोष्ट काढा आणि मुलांनी विचारलेले प्रश्न आम्हाला लिहून पाठवा.