‘बेलाग’ : एका नकारार्थी शब्दाची घडण

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागते. तेथून साखरमार्गे गुंजवण्यास, म्हणजे राजगडाच्या पायथ्याशी, पोहोचता येते. पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी घेऊन या वाटेने गेलो असता बालेकिल्ल्याकडे पाहून एकाने ‘बेलाग’ हा शब्द उच्चारला. अर्थ विचारता ‘भव्य’ असे उत्तर आले. दुसऱ्याने ‘परखड’ असा अर्थ सांगितला. पहिले उत्तर निव्वळ अंदाजाचे होते. दुसरे मात्र विचार करण्याजोगे आहे, कारण ते हिंदीतून आलेले आहे.

‘बे’ हा फार्सी उपसर्ग. ‘लाग’ हे ‘लग्’ धातूपासून प्राकृत ‘लग्ग’वाटे आलेले आपले नाम. हिंदीत लाग म्हणजे ओढ, लिप्तता. म्हणून तेथे बेलाग म्हणजे निःपक्षपाती, आडपडदा नसलेला. मराठीलाही ही छटा अपरिचित नाही, ‘लागेबांधे’ त्याची साक्ष देतात. परंतु ‘लाग साधणे’ या प्रयोगात लाग म्हणजे पोहोच, हाती येण्याजोगी संधी. जेथे हात, पाय वा शिडी टेकवण्यास जागाच नाही तो कडा बेलाग. घटक तेच; दोन भाषांनी नाकारले मात्र वेगवेगळे.

असे शब्द परकीय ठरवून त्यांच्या जागी ‘दुर्गम’, ‘अभेद्य’ योजावेत, असा आग्रह आजही चर्चासत्रांतून ऐकू येतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. दुर्गम म्हणजे जाण्यास कठीण, अभेद्य म्हणजे न फुटणारा. लाग नसणे ही तिसरीच गोष्ट आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे खरे. पण बेढब, बेचव, बेजोड, गैरसमज, गैरसोय यांत परके काय उरले आहे? उपसर्ग बाहेरचा, पण ‘सोय’ आणि ‘समज’ घरचेच. उपसर्ग देशी नामांना जडू लागला, तेव्हाच तो उसना राहिला नाही. इंग्रजांच्या ‘इम्प्रेग्नेबल’चीही हीच कथा : जुन्या फ्रेंचमधील ‘न घेता येण्याजोगा’ या अर्थाचा शब्द त्यांनी घेतला, त्यात एक ‘ग’ घुसला, आणि तो आता इंग्रजीच मानला जातो.

माधव जूलियनांचा फार्सी-मराठी कोश 1925 चा. त्यानंतरही आपण विद्यार्थ्यांना शब्दापुढे एकाच भाषेची खूण करण्यास शिकवतो. ‘बेलाग’पुढे दोन खुणा कराव्या लागतील, आणि अर्थ मात्र मराठीच्याच खाती मांडावा लागेल.