चूक ज्याची त्याला दिसावी

लाकडी ठोकळ्यात दहा खळगे आणि त्यांत बसणारे, वर छोटी मूठ असलेले दहा दट्टे. तीन-साडेतीन वर्षांचं मूल ते काढून चटईवर पसरतं आणि पुन्हा बसवू लागतं. बारीक दट्टा जाड खळग्यात सहज जातो, त्या वेळी काहीच अडत नाही. अडतं ते शेवटी. हातात एक जाड दट्टा उरतो आणि उरलेल्या खळग्यात तो शिरत नाही. मूल थांबतं, ओळीवरून नजर फिरवतं आणि एकेक दट्टा उपसून पुन्हा लावू लागतं. या सगळ्यात ‘चुकलं’ असं कोणी म्हटलेलं नसतं.

मुलांनी स्वतः, हाताने शिकण्याच्या पद्धतीचं मर्म इथे आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं, तेव्हापासून साधनांची कसोटी हीच राहिली: चूक साधनानेच दाखवावी. म्हणजे मुलाला दर वेळी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहावं लागत नाही. बाईंचं काम मात्र त्यामुळे हलकं होत नाही. कोणतं साधन कोणाला कधी द्यायचं हे त्या ठरवतात, ते कसं हाताळायचं हे एकदा, शक्यतो न बोलता, करून दाखवतात आणि मग बाजूला होतात. हे बाजूला होणंच सर्वांत अवघड. मूल चुकताना दिसतं आणि मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो.

महाराष्ट्रात या विचाराने वेगळं वळण घेतलं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये भावनगरला नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. ‘अंगणवाडी’ ती हीच. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम वाढलं. परदेशी घडणीची महाग साधनं तिथे परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. लहान-मोठं लावणं, जोड्या जुळवणं, मोजणं हे शिंपल्यांनीही होतं, अट एवढीच की मांडणी विचारपूर्वक हवी.

पुण्याने या परंपरेत सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब आणली. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता टेल्कोच्या इथल्या कारखान्यातून १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण प्रयोगात गेले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. ट्यूबचे छोटे तुकडे कापायचे आणि त्यांत गुल काढलेल्या आगकाड्या दोन्हीकडून खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन बोटाच्या धक्क्याने कलंडून तिरपा होतो. गर्डरच्या पुलात इतके त्रिकोण का, याचं अर्धं उत्तर दुसरी-तिसरीतल्या मुलाला इथेच मिळतं. इथेही सांगणारी काडीच.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि तिचे भक्त त्या फारशा बोलून दाखवत नाहीत. ‘क’ या आकाराला क म्हणायचं, हे कोणत्याही दट्ट्यातून उमगत नाही. ते कोणीतरी सांगावंच लागतं. लिपी, अंकांची चिन्हं, आठवड्याचे वार ही माणसांनी ठरवलेली गोष्ट. ती शोधून काढायला मुलाला सोडणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवताना बाईंनी उच्चार करायचा असतो, तो यासाठीच.

पुण्याच्या पेठांपासून बावधन-वाकडपर्यंत ‘माँटेसरी’ अशा पाट्या मुबलक दिसतात. हे नाव लावायला कोणाचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यामुळे काचेच्या कपाटात ‘गुलाबी मनोरा’ हे माँटेसरी साधन, आणि मुलं बाकावर ‘ए फॉर ॲपल’ गिरवताहेत, असाही प्रकार चालतो. प्रवेशासाठी जाणाऱ्या पालकांनी साधनं मोजण्यापेक्षा ती कोणाच्या हाताला लागतात आणि एकच काम मुलाला किती वेळ करू देतात, हे पाहावं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला. २०२३ मध्ये खेळण्या-साधनांचा ‘जादुई पिटारा’ही आला. कागदावर हे योग्यच आहे. पण पहिलीच्या वर्गात शिरताच वेळापत्रक आडवं येतं. चौकोन का कलंडतो हे मूल पाहत असतं आणि घंटा होते. पटसंख्येचं कारण नेहमी पुढे केलं जातं, तरी तीस मुलं ही मूळ अडचण नव्हे. माँटेसरीच्या मिश्र वयाच्या वर्गातही मुलं बरीच असत, आणि पाच वर्षांचं मूल तीन वर्षांच्याला चटई गुंडाळायला शिकवत असे. एकाच वयाची तीस मुलं एकाच तासाला एकाच पानावर असली, की मात्र ही सगळी मदत संपते आणि प्रत्येक चूक दाखवण्याचं काम पुन्हा एकट्या बाईंवर येतं.