नाडी बंद, हृदय चालू

कोल्हापुरात शरीराविषयी लिहायचे म्हणजे पंढरपुरात विठोबाचे वर्णन करण्यासारखे आहे. प्रत्येक वाचक लेखकापेक्षा जास्त जाणता! गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींची ही नगरी. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात ज्यांनी एकदा तरी कुस्ती पाहिली आहे, त्यांना छाती, मान, मांड्या यांविषयी आम्ही नवे काय सांगणार? म्हणून आज अशा एका अवयवाविषयी लिहितो, की जो कोणाला दिसत नाही, ज्याला तेल लावून रगडता येत नाही, आणि ज्याच्यावाचून पैलवानाचा एक जोरही निघायचा नाही. तो अवयव म्हणजे हृदय. आणि प्रश्न असा, की या हृदयाचा धनी कोण?

तुमची-आमची नाडी स्वस्थ बसल्यावेळी मिनिटाला साठ ते ऐंशीच्या घरात पडते. वर्षानुवर्षे मेहनत केलेल्या पैलवानाचे मनगट सकाळी उठल्याबरोबर हाती घ्या. पन्नास, कधी पंचेचाळीससुद्धा भरते. वस्ताद म्हणतील, “कमावलेलं शरीर आहे!” आणि ते खोटे नाही. एका ठोक्यात अधिक रक्त ढकलणाऱ्या हृदयाला घाई करण्याचे कारण नसते. पण ‘बाबा रे, सावकाश चाल’ हे त्या हृदयाला सांगते कोण?

गंमत अशी की, चालण्यासाठी हृदयाला कोणाच्याही हुकमाची गरज नाही. त्याच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. तोच दर ठोक्याची ठिणगी पाडतो. हृदयाला त्याच्या मनासारखे धावू दिले तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास धावते. याचा पुरावा हृदयरोपणाने दिला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. तो रोगी फार काळ जगला नाही. परंतु पुढे ही शस्त्रक्रिया जगभर रुळली, आणि एक गोष्ट सर्वत्र दिसून आली. दुसऱ्याच्या छातीत बसविलेल्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात. म्हणून ते रोगी निवांत पडला असतानाही नव्वद-शंभराच्या गतीने चालते. म्हणजे तुमची सत्तरची नाडी ही हृदयाची मूळ चाल नव्हे. ती आवरून धरलेली चाल आहे!

बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. बैल आपल्या बळाने चालतो; गाडीवानाच्या हाती फक्त कासरा आणि आसूड. मेंदूच्या बुडाशी बसलेल्या गाडीवानाजवळही ही दोन साधने आहेत. भीती, राग, धावपळ या वेळी जे मज्जातंतू हृदयाला पळवितात, तो आसूड. आणि मानेतून, मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेने छातीत उतरणारी ‘व्हेगस’ नावाची नसांची जोडी, तो कासरा. वेबर बंधूंनी १८४५ साली ही नस विजेने चेतवून प्राण्याचे हृदय थांबवून दाखविले. १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने त्यापुढची खुबी उघड केली. त्याने बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस चेतविली, आणि त्या हृदयाभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर घातले. दुसऱ्याला नसेचा स्पर्शही नव्हता, तरी तेही मंदावले! नस आपला निरोप रसायनाच्या हाती धाडते, हे त्यावरून सिद्ध झाले. या शोधमालिकेबद्दल लोवी यांना हेन्री डेल यांच्यासमवेत १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

युरोपात बेडकांवर हे प्रयोग चालले असताना आपल्याकडे काय चालले होते? येथे मुंबईच्या डॉ. वसंत गंगाराम रेळे यांचे नाव घेतले पाहिजे. योगाभ्यासी मंडळी डॉक्टरांसमोर मनगटाची नाडी बंद करून दाखवीत. पाहणाऱ्यांपैकी अर्धे हात जोडत, अर्धे हसत. रेळ्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी विचारले, हे घडत असेल तर शरीरातल्या कोणत्या वाटेने घडते? १९२७ साली कुंडलिनीवर लिहिलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी उत्तर दिले, की कुंडलिनी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून उजवी व्हेगस नस होय! तंत्रशास्त्राचे प्रसिद्ध अभ्यासक सर जॉन वुड्रॉफ यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. पण कुंडलिनीला एका नसेत बसविणे त्यांना मान्य झाले नाही.

ते उत्तर शरीरशास्त्रातही टिकले नाही. तरीसुद्धा आम्हांला रेळ्यांचे मोल वाटते ते प्रश्नासाठी. चमत्काराला त्यांनी शरीरातला पत्ता विचारला. आणि ठिणगीच्या त्या पुंजक्यावर मुख्यत्वे उजव्याच व्हेगसचा अंमल चालतो, हेही खरेच आहे.

त्याच सुमारास लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले होते. आसने आणि नौली यांसारख्या क्रिया चालू असताना रक्तदाब मोजणे, क्ष-किरणांनी आतले दृश्य पाहणे, आणि सापडेल ते ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापणे, असा त्यांचा क्रम होता. श्रद्धा असावी, पण तिने मोजपट्टीला भिऊ नये, हा धडा त्यांनी घालून दिला.

नाडी बंद करण्याच्या दाव्याचा निकाल मात्र १९६१ साली लागला. अमेरिकेतले वेंगर आणि बागची, व दिल्लीचे डॉ. बाळकृष्ण आनंद यांनी चार योग्यांना यंत्रे लावून तपासले. मनगटावरची नाडी क्षीण झाली, छातीवरचे ठोके ऐकू येईनासे झाले. पण हृदयाच्या विजेचा आलेख कागदावर अखंड उमटत राहिला. हृदय एकाचेही थांबले नव्हते! एकाने गती कमी करून दाखविली. तथापि इच्छेचा थेट हुकूम हृदयावर चालतो असे कोठेच आढळले नाही. जे काही घडले ते श्वास आणि स्नायू यांच्या द्वारे.

मग नाडी गेली कोठे? ही युक्ती कोल्हापूरच्या प्रत्येक पैलवानाच्या अंगात आहे, फक्त तो तिला योग म्हणत नाही. छाती भरून श्वास घ्यावा, कंठ आवळून धरावा आणि पोट-छाती नेटाने आवळावी. जोडीदाराला उचलताना दम कोंडून लावलेला जोर तो हाच. यामुळे छातीतला दाब वाढतो, शरीराकडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते, आणि हृदयात रक्तच थोडे आल्यावर ते बाहेर तरी किती ढकलणार? नाडी लुप्त होते. ठोक्यांचा आवाज आवळलेल्या स्नायूंच्या घरघरीत बुडून जातो. आतले हृदय मात्र त्या क्षणी उलट वेगाने पळत असते. जादूगार तर याहून स्वस्तात काम भागवितात. काखेत लहानसा चेंडू दाबून धरला की त्या हाताची नाडी बेपत्ता! तेव्हा अशा खेळाला कोणी दक्षिणा मागू लागला, तर आधी त्याची काख पाहावी.

पण वाचकहो, या निकालाने निराश होण्याचे कारण नाही. हृदयावर आपला हुकूम चालत नसला तरी श्वासाच्या मार्फत अर्ज करता येतो. स्वस्थ बसून मनगटावर बोटे ठेवा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. श्वास आत जाताना नाडी किंचित लगबग करते, बाहेर जाताना रेंगाळते. कार्ल लुडविग यांनी १८४७ सालीच हे नोंदले होते. श्वास सोडताना व्हेगसचा कासरा आवळला जातो, घेताना सैल पडतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले तर हा चढउतार अधिक ठळक होतो. त्यासाठी कोणत्याही यंत्राची किंवा शिबिराच्या फीची गरज नाही. मात्र रक्तदाबाच्या वा हृदयाच्या रोग्याने दम कोंडून धरण्याचे प्रयोग करू नयेत, आणि नस शोधण्यासाठी कोणीही आपली मान दाबू नये.

आता पुन्हा पैलवानाकडे वळू. त्याची मंद नाडी म्हणजे सर्वस्वी व्हेगसची करामत, असे फार दिवस मानले जाई. २०१४ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांना नेमाने पळवून पाहिले, तेव्हा असे दिसले की दीर्घ मेहनतीने तो ठिणगीचा पुंजकाच बदलतो आणि जात्याच संथ होतो. म्हणजे कासरा तर आहेच, पण बैलाचीही चाल बदलते. तरुण मल्लाला मंद नाडीचा काही त्रास नसेल, तर तेवढ्यावरून त्याला रोगी ठरवू नये. पण ज्यांनी लाल माती सोडून वीस-तीस वर्षे झाली आहेत, त्यांची नाडी मंद पडून त्यांना घेरी येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, पायऱ्या चढताना दम लागत असेल, तर ‘तालमीचं शरीर आहे, चालायचंच’ म्हणून घरात बसू नये. हृदयातली विजेची वाट वयाने झिजू शकते, आणि त्यावर उपाय आहेत. सी. पी. आर.मध्ये जाऊन आलेख काढून घ्यायला फार वेळ लागत नाही.

दिवाळीला घरी आलेल्या एखाद्या जुन्या पैलवानाची थोरवी ऐकताना, लाडवाचे ताट पुढे करण्यापूर्वी, त्याच्या मनगटाची एवढी चौकशी जरूर करावी. रेळ्यांनी चमत्काराला जो प्रश्न विचारला, तोच आपण अभिमानालाही विचारायला हरकत नाही: हे घडते ते शरीरातल्या कोणत्या वाटेने?