कर्करोग बरा झाला, हृदयाचे काय?

कर्करोगाचा रुग्ण उपचार संपवून घरी गेला की शासनाच्या लेखी प्रकरण निकालात निघते. रुग्णाच्या लेखी ते तेथे संपत नाही. डॉक्सोरुबिसिन हे औषध गेली पन्नास वर्षे स्तनाच्या व रक्ताच्या कर्करोगावर वापरले जात आहे. त्याने असंख्य प्राण वाचविले. पण ते हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते आणि ही इजा मात्रेगणिक साचत जाते. १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे एकूण ४०० मिलिग्रॅम औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के रुग्णांचे हृदय दुर्बल झाले. ७०० मिलिग्रॅमला हेच प्रमाण १८ टक्के झाले.

म्हणून औषधच नाकारावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. इजा वेळीच ओळखता येते व पुष्कळदा आवरताही येते. मिलान येथील डॉ. दानिएला कार्दिनाले यांच्या २०१० सालच्या अभ्यासात, केमोथेरपी संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हृदयाचे उपचार सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे हृदय पूर्ववत झाले. सहा महिन्यांहून अधिक विलंब झालेल्यांपैकी एकाचेही पूर्णपणे सुधारले नाही. आणि ही औषधे कोणती? एनालाप्रिल व कार्व्हेडिलॉल. कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी, स्वस्त, जुनी.

आता २०१८ साली गाजावाजाने सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेकडे पाहा. तिचे संरक्षण रुग्ण घरी गेल्यानंतर १५ दिवसांपुरते. बाह्यरुग्ण तपासणी तिच्या कक्षेबाहेर. हृदय महिन्यांनी, कधी वर्षांनी थकते. योजना पंधरवड्यातच थकते! दम लागू लागलेली शेतमजूर बाई त्याला अशक्तपणा समजून घरी बसते, आणि इकोच्या तपासणीसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठते तेव्हा मोलाचे महिने गेलेले असतात.

पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. सार्वजनिक आरोग्यावर २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करू, असे वचन २०१७ च्या आरोग्य धोरणाने दिले होते. ते पाळले गेले नाही. शिवाय तपासणी टाळल्याने खर्च टळत नाही. तो सरकारच्या वहीतून पुसला जाऊन गरिबाच्या कर्जाच्या वहीत चढतो. यास काटकसर म्हणणे ही अर्थशास्त्राची विटंबना होय.

मागण्या साध्या आहेत. उपचारापूर्वी व नंतर किमान वर्षभर इकोची मोफत तपासणी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्याची सोय. औषधाची एकूण मात्रा नोंदविलेले कार्ड रुग्णाच्या हाती. रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या विनामूल्य. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात अशा रुग्णांची यादी करून जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ती ठेवावी. अर्धा उपचार हे उपकार नव्हेत. उरलेला अर्धा हा नागरिकाचा हक्क आहे.