हनिमून संपल्यावरचं शिमला

'अगं, शिमल्याला शिफ्ट? काय सही!' मैत्रिणींची रिअ‍ॅक्शन एकदम ठरलेली. नवऱ्याच्या कंपनीने कायमचं घरून काम करायची परवानगी दिली, माझं फ्रीलान्सिंग तर कुठूनही चालतं. मग पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये का सडायचं? शिमला आम्ही पाहिलेलं होतं ना. हनिमूनला, तीन दिवस! मॉल रोड, रिज, जाखूचा मारुती, आणि माकडाने पळवलेला नवऱ्याचा गॉगल.

फक्त एक प्रश्न होता. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे असते आणि तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती म्हणाली, 'तुम्ही न्याल तिथे येईन.' अशा वाक्याचं जाम टेन्शन येतं. म्हणून ठरवलं, आधी राहून बघायचं. १५ दिवस जानेवारीत, १० दिवस जुलैत. टुरिस्ट म्हणून नाही, भाडेकरू म्हणून.

जानेवारीत पहिला धडा मिळाला तो उन्हाचा. आपण घर बघताना पार्किंग विचारतो, शिमल्यात विचारतात, 'धूप आती है?' डोंगराच्या दक्षिण बाजूला दिवसभर ऊन, तर उत्तरेच्या उतारावर हिवाळ्यात सूर्यदर्शन जेमतेम. लक्कड बाजारजवळच्या स्केटिंग रिंकवर नैसर्गिक बर्फ गोठतो, तो अशाच सावलीच्या कृपेने. आमची पहिली खोली त्याच बाजूची होती. धुतलेली जीन्स चौथ्या दिवशीही ओली! आणि शहर साधारण २,२०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेपाचशे मीटर उंच. पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही.

दुसरा धडा पायऱ्यांचा. इथे 'पाच मिनिटांवर' म्हणजे किती लांब हे विचारायचं नसतं, किती वर किंवा किती खाली हे विचारायचं. मॉलवर सर्वसामान्यांच्या गाड्यांना बंदी, खालच्या कार्ट रोडवरून वर यायला चक्क लिफ्ट आहे. पण लिफ्ट मॉलपुरती. घरापर्यंत आपले पायच. पाठीवर गॅस सिलिंडर घेऊन चढणारे काश्मिरी हमाल बघितले आणि मी माझ्या भाजीच्या पिशवीबद्दल कुरकुर करणं बंद केलं.

तिसरा धडा पाण्याचा. २०१८च्या मे महिन्यात काही भागांत आठवड्याहून जास्त दिवस नळाला पाणी नव्हतं. लोकच पर्यटकांना सांगत होते, इकडे येऊ नका. तेव्हापासूनची शिकवण अशी, की घरमालकाला आधी टाकी दाखवायला सांगा, मग बाल्कनी.

आणि जुलै. पावसाची मजा आपल्याला सिंहगडावर भजी खाताना वाटते. इथे पाऊस लागला, की शेजारच्या काकू रात्री उठून मागची भिंत बघून येत होत्या. १४ ऑगस्ट २०२३ला समर हिलचं शिवमंदिर दरडीखाली गेलं, २० माणसं गेली. तिथेच कालका-शिमला रेल्वेचे रूळ हवेत लटकत राहिले. १९०३ पासून धावणारी, युनेस्कोच्या यादीतली ती आपली लाडकी टॉय ट्रेन! काकू एवढंच म्हणाल्या, 'बेटा, घर लेना तो नाले से दूर लेना.'

घर घ्यायचं, म्हणजे भाड्यानेच हं. गावाकडे सातबारा असला तरी इथे आपण शेतकरी ठरत नाही. १९७२च्या कायद्यातल्या कलम ११८मुळे सरकारच्या परवानगीशिवाय बाहेरच्यांना जमीन घेता येत नाही. सुरुवातीला राग आला. मग उतारावरच्या दाटीवाटीच्या इमारती बघितल्या आणि राग पळाला.

शेवटच्या दिवशी दोन घरं हातात होती. एक स्वप्नातलं: लाकडी जमीन, खिडकीत देवदार, समोर धुकं. रस्त्यापासून ११२ पायऱ्या, मी स्वतः मोजल्या. सत्तराव्या पायरीवर थांबले आणि आई इथे कशी बसेल, याची कल्पना केली. देवदार बघत ती वर्षभर खिडकीतच बसली असती. तक्रार न करता. तेच तर नको होतं.

दुसरं घर संजौलीत. रस्त्याला लागून, नाल्यापासून लांब, आयजीएमसी हॉस्पिटल जवळ आणि सकाळपासून ऊन. आम्ही तेच घेतलं, पण करार फक्त ११ महिन्यांचा. पुण्याचा फ्लॅट विकलेला नाही.

आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, 'अगं, खिडकीतून नुसत्या काळ्या टाक्या दिसतायत!'

म्हटलं, 'आई, भरलेल्या आहेत. इथला सगळ्यात भारी व्ह्यू तोच!'