नियम असावेत, पण कोणासाठी?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथे घर घेताना एका अपरिचित गोष्टीला सामोरे जावे लागते. घराची पूर्ण किंमत मोजली, खरेदीखत नावावर झाले, तरी त्या खताबरोबर निर्बंधांची एक यादी येते. अंगणातील गवत किती वाढू द्यावे, दाराला कोणता रंग द्यावा, कुंपण घालावे की नाही, कपडे उघड्यावर वाळत घालावेत की नाही, हे सारे त्या यादीत असते. या अटी पाळल्या जातात की नाही, हे पाहण्यासाठी घरमालकांची संघटना असते. तिची वर्गणी थकली, तर अनेक राज्यांत घरावर बोजा चढतो आणि प्रसंगी घराचा लिलावही होऊ शकतो. चाळीच्या गॅलरीत धोतर-लुगडी वाळताना पाहिलेल्या पिढीला हे विलक्षण वाटेल.

तरीही ही पद्धत सर्वस्वी टाकाऊ आहे, असे म्हणता येणार नाही. वसाहतीतील रस्ते, बागा, दिवे यांची निगा सर्वांच्या वर्गणीतूनच राखली जाते. एकाने अंगणात भंगाराचा ढीग लावला, तर त्याचा उपद्रव दहा शेजाऱ्यांना होतो. शिवाय, अटी वाचून आणि त्यांवर सही करूनच घर घेतले होते, हा नियमाच्या पाठीराख्यांचा युक्तिवादही बिनतोड वाटतो. सामूहिक जीवनास शिस्त हवी, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रश्न निर्माण होतो तो शिस्तीच्या नावाखाली माणसे निवडली जाऊ लागतात तेव्हा. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असंख्य खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना, आणि अनेक ठिकाणी ज्यू व आशियाई लोकांनाही, घर विकू नये अशी अट असे. १९४८ साली ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत, असा निर्णय दिला. घरांच्या विक्रीत व भाड्यात वंश, धर्म इत्यादींवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी येण्यास १९६८ साल उजाडावे लागले.

त्यानंतरही प्रश्न संपला नाही. त्याने केवळ रूप बदलले. शिकागोतील एका इमारतीने २००१ साली नियम केला की, दाराबाहेर कोणतीही वस्तू ठेवू नये. रोख होता चपला-बूट आणि पायपुसण्यांवर. २००४ साली मात्र याच नियमाच्या आधारे एका ज्यू कुटुंबाच्या दाराच्या चौकटीवरील ‘मेझुझा’ हे धर्मचिन्ह पुन्हा पुन्हा काढून टाकण्यात आले. नियमाचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्याच कुटुंबातील महिलेकडे होते! नियमाचे शब्द सर्वांना समान होते, त्याचा आघात मात्र एका श्रद्धेवर झाला. २००९ साली संघीय अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने हेतुपुरस्सर भेदभावाच्या आरोपावर खटला चाललाच पाहिजे, असे सांगितले. टेक्सासने २०११ साली दारावरील लहान धर्मचिन्हाला कायद्याचे संरक्षण दिले आणि २०२१ साली ते वाढवले. ज्यूंच्या मेझुझासारखेच हिंदूंचे तोरण आणि दारावरचा गणपतीही या संरक्षणात येतात. राष्ट्रध्वज लावण्यास अशा संघटनांनी मनाई करू नये, यासाठी तर २००६ साली अमेरिकेला संघीय कायदा करावा लागला.

आता आपल्या अंगणाकडे वळू. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात आणि त्यांचे उपविधी हे आपल्याकडचे निर्बंधपत्रच होय. सदनिका भाड्याने देणाऱ्या सदस्यांकडून मनमानी बिनभोगवटा शुल्क आकारले जाऊ लागले, तेव्हा २००१ साली शासनाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली ही मर्यादा वैध ठरवली. बहुमत झाले तरी त्याला मर्यादा असते, हेच त्यातून स्पष्ट झाले.

सदस्यत्वाच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने संघटनस्वातंत्र्याच्या आधारे तो उपविधी ग्राह्य धरला. एखाद्या अल्पसंख्य समाजाला आपली वस्ती टिकवावीशी वाटणे समजण्यासारखे आहे. पण तोच न्याय प्रत्येक जातीने, प्रत्येक भाषिक गटाने आपापल्या इमारतीला लावला, तर शहर उरेल काय? मुंबईत मांसाहारी म्हणून मराठी कुटुंबांना घर नाकारल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याने राज्यभर संताप उसळला. तो रास्तच होता. मात्र आडनाव विचारून घर नाकारणारा आपल्यातही असेल, तर आपल्या संतापाला नैतिक बळ कोठून येणार? समरसतेची भाषा व्यासपीठावर आणि जातीची चौकशी जिन्यात, हे एकत्र नांदू शकत नाही.

म्हणून प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारावेत. तो वर्तनाला लागू होतो की जन्माला? तो लेखी आणि सर्वसाधारण सभेत संमत झालेला आहे, की सचिवांच्या मर्जीवर चालतो? आणि उद्या आपण अल्पमतात गेलो, तर तो आपल्यालाही मान्य असेल काय? रात्री अकरानंतर ढोल वाजवू नये, हा नियम तिन्ही कसोट्यांवर टिकतो. ‘त्यांना’ घर देऊ नये, हा एकाही कसोटीवर टिकत नाही.

आपले अनेक कार्यकर्ते आज गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापन समित्यांवर आहेत. पाणी, वाहनतळ आणि थकबाकी यांच्या गदारोळात हे काम क्षुल्लक वाटते. वस्तुतः समाजसंघटनेची पहिली प्रयोगशाळा तीच आहे. राष्ट्र एकसंध व्हावे असे ज्याला वाटते, त्याने आपल्या इमारतीच्या नामफलकावर कोणती आडनावे आहेत आणि कोणती कधीच का आली नाहीत, हे एकदा तपासून पाहावे.