ऑर्डर मोठी, गल्ला रिकामा

घरगुती धंद्याला पहिली मोठी ऑर्डर मिळाली की घरात सणच साजरा होतो. पण बऱ्याच नव्या उद्योजकांचा पाय घसरतो तो नेमका इथेच. माल खपत नाही म्हणून नव्हे, तर खपलेल्या मालाचे पैसे वेळेवर हाती येत नाहीत म्हणून!

समजा, एखादी गृहिणी दरमहा २० हजारांचा फराळ रोखीने विकते. सारा खर्च १५ हजार, सुटतात पाच हजार. एके दिवशी मोठा दुकानदार म्हणतो, "महिन्याला एक लाखाचा माल द्या, पैसे दोन महिन्यांनी." कागदावर नफा २५ हजार. प्रत्यक्षात मात्र पहिले बिल वसूल होईपर्यंत दोन महिन्यांचा दीड लाख खर्च पदरचा करावा लागेल. तो आणायचा कुठून? याचा विचार न करता होकार दिला, तर मुलांच्या फीचे पैसे आणि अंगावरचे दागिने धंद्यात जायला वेळ लागत नाही.

या बाबतीत 'लिज्जत पापड'ची सुरुवात आठवण्याजोगी आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली अवघी चार पाकिटे. तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद राहिले. पुढच्या वर्षी उपाय निघाला तोही घरगुती : एक खाट, खाली पेटती शेगडी आणि खाटेवर पापड. खादी व ग्रामोद्योग आयोगाचे खेळते भांडवल मिळाले ते १९६६ साली. म्हणजे आधी सात वर्षे धंदा उभा राहिला, मोठा पैसा मागाहून आला.

आज याला 'स्टार्टअप' म्हणा वा गृहउद्योग, पथ्ये तीच आहेत.

हिशेब वेगळा : धंद्याचे बँक खाते स्वतंत्र असावे. मालकानेही ठरावीक पगार घ्यावा. लागेल तसा गल्ल्यात हात घालू नये.

नात्यातला पैसा : मेहुण्याने दिलेले ५० हजार हे कर्ज की भागीदारी, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहावे. धंदा चालला की भागीदार वाढतात, बुडाला की सगळेच सावकार होतात.

कर्ज : यंत्रासाठी मुदतीचे कर्ज, कच्च्या मालासाठी खेळत्या भांडवलाचे कर्ज. यांची गल्लत करू नये. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशू' गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. मात्र हप्ता रोजच्या विक्रीतून फिटेल एवढेच कर्ज उचलावे.

उधारी : 'उद्यम' नोंदणी विनामूल्य होते, ती करून घ्यावी. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत लघुउत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास व्याजही मागता येते.

माणसे : कामाला पहिला माणूस ठेवण्याआधी त्याचा तीन महिन्यांचा पगार बाजूला काढता येतो का, ते पाहावे.

मग त्या गृहिणीने ऑर्डर नाकारावी का? मुळीच नाही. सुरुवातीला २५ हजारांचाच माल द्यावा आणि निम्मी रक्कम आगाऊ मागावी. दोन महिन्यांत तिचे दीड लाखाऐवजी साडेबारा हजार अडकतील. पैसे वेळेवर आले की माल वाढवावा. आणि आगाऊ रकमेचे नाव काढताच दुकानदाराने पाठ फिरवली तर? पुढे वसुलीसाठी माराव्या लागणाऱ्या खेपा तरी वाचतील.